डिझेल डिझायरला एलपीजी: लिटरचा भाव आणि किलोमीटरचा हिशेब

गोव्यातील साखळीहून वेर्णा औद्योगिक वसाहतीपर्यंत आणि परत, असे रोजचे जवळपास १०० किलोमीटर माझी २०१३ सालची डिझेल स्विफ्ट डिझायर धावते. नोकरीचे ठिकाण बदलल्यापासून महिन्याच्या खर्चातला डिझेलचा वाटा डोळ्यांत भरू लागला होता, आणि त्याच सुमारास फोंडा तालुक्यातील एका वर्कशॉपचे पत्रक हाती पडले. 'डिझेल गाडी एलपीजीवर करून मिळेल, खर्च निम्मा,' असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते. या वर्कशॉपने माझ्या ओळखीतल्या दोघांच्या पेट्रोल गाड्यांना गॅस किट बसवले होते आणि दोघेही समाधानी होते, त्यामुळे पत्रक टाकून न देता मी चौकशीला गेलो. पुढच्या दीड महिन्यात मी तिथे तीन फेऱ्या मारल्या, दोन कोटेशने घेतली, त्यांनी बदललेली एक गाडी चालवून पाहिली आणि अखेर काम न करताच परतलो. वर्कशॉपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या तक्रारीचा मोठा भाग त्या माणसांपेक्षा त्या कल्पनेविषयीच आहे.

पेट्रोल गाडीला एलपीजी किट बसवणे ही भारतात जुनी आणि सरावाची गोष्ट आहे. बेंगळुरूच्या रिक्षा कित्येक वर्षे या गॅसवर धावत आहेत, आणि मारुतीची ओम्नी किंवा वॅगन-आर ड्युओ तर कंपनीतूनच टाकी बसवून बाहेर पडत असे. मात्र या सर्व गाड्यांचे इंजिन पेट्रोलचे, म्हणजे स्पार्क प्लगने ठिणगी पाडून इंधन पेटवणारे होते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. माझ्या गाडीतल्या १२४८ सीसीच्या मल्टिजेट इंजिनात हवा १७.६ पट दाबली जाते, तर साध्या पेट्रोल इंजिनात ती नऊ ते अकरा पट.

एलपीजीचा स्वभाव डिझेलच्या नेमका उलट आहे. डिझेल २१० ते २५० अंश सेल्सियसच्या आसपास आपणहून पेटते, तर एलपीजीला ४०० अंशांच्या वर जावे लागते, आणि तापलेल्या हवेतही तो ठरल्या क्षणी पेटेल याची खात्री नसते. शिवाय तो हवेत आधीच मिसळून सिलिंडरमध्ये शिरलेला असल्याने, डिझेलइतक्या दाबाखाली पेटला तर सगळे मिश्रण एकदमच भडकू शकते. गॅरेजच्या भाषेत इंजिन ठोकू लागते. म्हणून डिझेल इंजिन एलपीजीवर चालवायचे तर दोनच रस्ते उरतात. एक तर इंजिनाची चिरफाड करून ते ठिणगीचे करायचे, नाही तर डिझेल चालूच ठेवून आत येणाऱ्या हवेत थोडा गॅस सोडायचा आणि त्याला पेटवण्याचे काम डिझेलकडेच ठेवायचे. पत्रकात हा फरक कुठेही लिहिलेला नव्हता. विचारल्यावर मिस्त्रीने मात्र तो न लपवता सांगितला, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

पहिल्या रस्त्याचे कोटेशन १,३५,००० रुपयांचे होते. त्यात नोझल काढून त्या जागी बुश ठोकून स्पार्क प्लग बसवणे, इग्निशन कॉइल, थ्रॉटल बॉडी, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, स्वतंत्र ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), डिकीतील टाकी आणि पिस्टनवरचे लेथकाम धरले होते. टर्बो काढून टाकावा लागेल असे तो बोलता बोलता म्हणाला, ते कोटेशनवर नव्हते.

पिस्टनचे काम मला समजून घ्यायचे होते, म्हणून त्याने फळीवरून दोन पिस्टन खाली काढून टेबलावर ठेवले. दोन्ही माझ्याच जातीच्या इंजिनाचे, एक मूळ आणि एक कापलेला. डिझेल पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खोलगट भाग असतो. मूळ पिस्टनची वाटी काजळीने काळी पडलेली, तिची कड जाड आणि गोलसर होती. कापलेल्या पिस्टनची वाटी लेथवर रुंद केली होती, तिच्या आतल्या भिंतीवर हत्याराच्या बारीक वर्तुळाकार रेषा चमकत होत्या, आणि पहिल्या रिंगच्या बाजूची भिंत इतकी पातळ झाली होती की मी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि काही बोललो नाही. घरी येऊन आकडेमोड केली. माझ्या इंजिनाचा दाब १७.६ वरून ११ पटीवर आणायचा तर प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर सुमारे साडेबारा घन सेंटिमीटर जागा वाढवावी लागते. हीच जागा अख्ख्या माथ्यावरून सारखी काढायची म्हटली तर उंचीत सव्वातीन मिलिमीटर भरते. जाड हेड गास्केट घालून एवढे अंतर भरून निघत नाही, त्यामुळे धातू कापण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि कापलेला धातू परत बसवता येत नाही. उद्या गॅसचा भाव वाढला तर पुन्हा डिझेलवर जाण्याचा दरवाजा त्या लेथवरच बंद झालेला असतो. पेट्रोल गाडीत डॅशबोर्डवरचे बटण दाबून इंधन बदलता येते. या गाडीत तसे काही उरत नाही.

आता पैशांविषयी. "पात्रांव, लिटरचा भाव बघा ना," असे मिस्त्री तीनही भेटींत म्हणाला, आणि बहुतेक जण तेवढाच भाव बघून निर्णय घेत असावेत. वास्तविक लिटर हे मापच इथे फसवे आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये सुमारे ३२, तर एलपीजीत २५ च्या आसपास. दुकानदाराने किलोऐवजी पिशवीचा भाव सांगावा आणि पिशव्या लहान-मोठ्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे.

भाव दर महिन्याला हलतात, म्हणून हिशेबापुरते डिझेल ९० रुपये, पेट्रोल ९६ रुपये आणि गाडीचा एलपीजी ६० रुपये लिटर असे धरतो. वाचकांनी आपल्या पंपावरचे आकडे घालून पाहावेत. या भावांनी डिझेलमधली एक मेगाज्यूल ऊर्जा अडीच रुपयांना पडते आणि एलपीजीमधली दोन रुपये चाळीस पैशांना. अवघ्या दहा पैशांचा फरक आहे. पेट्रोलची हीच ऊर्जा तीन रुपयांना पडते. पेट्रोल गाडीवाल्यांना गॅस का परवडतो आणि डिझेलवाल्यांना का नाही, ते या तीन आकड्यांतच दिसते.

किलोमीटरवर आणून बघू. माझी गाडी लिटरला २० किलोमीटर देते, म्हणजे डिझेलवर साडेचार रुपये किलोमीटर. केवळ ऊर्जेच्या प्रमाणात पाहिले तर तीच गाडी एलपीजीवर लिटरला १३.९ किलोमीटर जावी. तसे होत नाही, कारण जास्त दाब हेच डिझेल इंजिनाच्या काटकसरीचे मुख्य कारण असते आणि आपण नेमका तोच कमी केलेला असतो. ठिणगीच्या इंजिनाला हवा अडवणारा थ्रॉटल लागतो, त्यातही शक्ती खर्च होते. कार्यक्षमता पाचव्या हिश्श्याने घसरली असे धरले तर हाती ११ किलोमीटर येतात आणि किलोमीटरला जवळपास पाच रुपये पंचेचाळीस पैसे पडतात. वर्षाला ३०,००० किलोमीटर चालणाऱ्या माझ्या गाडीचा खर्च त्यामुळे २८,००० रुपयांहून अधिक वाढला असता. कार्यक्षमता मुळीच घसरणार नाही, हे मिस्त्रीचे म्हणणे शब्दशः मान्य केले तरी वर्षाची बचत साधारण ५,४०० रुपये होते. १,३५,००० रुपये वसूल व्हायला २५ वर्षे लागतील. गाडी आज बारा वर्षांच्या पुढे गेलेली आहे. योगायोग असा की १,३५,००० हीच रक्कम माझ्या वर्षभराच्या डिझेलची आहे.

याच वर्कशॉपने एखाद्या पेट्रोल वॅगन-आरला किट बसवले तर चित्र पूर्ण वेगळे दिसते. पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी एलपीजीवर साधारण पावणेबारा देते. ६ रुपये ४० पैशांचा किलोमीटर ५ रुपये १० पैशांच्या आसपास येतो. माझ्याइतके फिरणाऱ्याचे ३८,००० रुपये वर्षाला वाचतात आणि किटचे पैसे साधारण वर्षभरात निघतात. ओळखीतले ते दोघे समाधानी का होते, याचा उलगडा मला इथे झाला. त्यांच्या समाधानावरून मी माझ्या डिझेल गाडीविषयी निष्कर्ष काढत होतो, ही चूक माझी.

मग पत्रकावरचा 'निम्मा' कुठून आला? एका हेल्परने दबक्या आवाजात सांगितले की काही गिऱ्हाईक घरचाच सिलिंडर वापरतात. १४.२ किलोच्या सिलिंडरात साधारण २६ लिटर गॅस असतो. आपल्या घरच्या पावतीला २६ ने भागले की तो 'निम्मा' सापडतो. घरगुती गॅस गाडीत भरणे कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्ह्याचे बाजूला ठेवले तरी ते जिवावरचे काम आहे. पंपावर गॅस भरताना टाकीतली झडप ८० टक्क्यांना प्रवाह तोडते, कारण उन्हात द्रव फुगायला वरची जागा मोकळी लागते. घरामागच्या पडवीत नळी लावून गॅस उतरवणारे लोक अशा सुरक्षेच्या सोयी जागेवर ठेवतीलच, याचा भरवसा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर वर उडून न जाता जमिनीलगत साचतो, आणि पावसाळ्यात आपण गॅरेजची दारेखिडक्या घट्ट लावून घेतो.

दुसऱ्या रस्त्याचे, म्हणजे डिझेलसोबत गॅस सोडण्याच्या किटचे, कोटेशन ४५,००० रुपये होते. यात इंजिन उघडावे लागत नाही, त्यामुळे ही कल्पना ऐकताना अधिक शहाणपणाची वाटते. साधारण चौथा हिस्सा डिझेलची जागा गॅसने घेतली असे धरले तर १०० किलोमीटरला पाच लिटरऐवजी पावणेचार लिटर डिझेल आणि सुमारे १.८ लिटर गॅस लागतो. डिझेलचे ३३७ रुपये ५० पैसे, गॅसचे १०८. आधी ४५० रुपये लागत होते, आता ४४५ रुपये ५० पैसे लागतील. वेर्ण्याला जाऊन येण्यात साडेचार रुपये वाचले, त्यात अर्धा कप चहासुद्धा येत नाही. किटचे पैसे फिटायला ३३ वर्षे.

तरी हे किट बसवलेली एक जुनी पिकअप गाडी त्यांनी मला चालवायला दिली, त्याबद्दल आभार. सपाट रस्त्यावर गाडी छान ओढत होती, वेगही चटकन घेत होती आणि धूरही कमी होता. हा गुण खरा आहे आणि तो नाकारत नाही. बोरीच्या चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तेव्हा मात्र बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात चणे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. शेजारी बसलेला मिस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लोड आला की थोडा आवाज येतोच, सवय होते." पाय उचलला की आवाज थांबे, दाबला की पुन्हा सुरू. हे ठोकणे पिस्टन आणि बेअरिंगवर जाते. शिवाय डिझेलची फवारणी कमी झाली की नोझलच्या टोकाला थंडावाही कमी मिळतो, आणि मल्टिजेटच्या नोझलचा एक संच बदलायचा म्हटला तर वर सांगितलेली ३३ वर्षांची बचत एका झटक्यात जाते. मला अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला जावे लागते. ती चढण चढताना तो डबा ऐकत बसण्याची माझी तयारी नव्हती.

कागदपत्रांचा भाग इथे थोडक्यात सांगतो, पण माझ्यासाठी तो निर्णायक ठरला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल मान्यताप्राप्त किटनेच करता येतो आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने बीएस-६ गाड्यांसाठी अधिसूचना काढली, तिच्यातही पेट्रोल गाडीला किट आणि साडेतीन टनांखालच्या डिझेल गाडीला थेट सीएनजी किंवा एलपीजीचे इंजिनच बदलून बसवण्याची तरतूद आहे. डिझेल इंजिन तेच ठेवून त्याच्या पिस्टनची वाटी लेथवर रुंद करण्याचा मार्ग त्यात दाखवलेला नाही. मी किटचे मान्यतापत्र मागितले तेव्हा वर्कशॉपने एक लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. त्यावरील यादीत गाड्यांची नावे पुष्कळ होती आणि एकूण एक पेट्रोलची होती. माझ्या गाडीचे काय, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "आरसीवर डिझेलच राहू द्या. कोण उघडून बघतो?"

अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर उघडून बघतो. पेट्रोल गाडीचे मान्यताप्राप्त किट विम्यात किरकोळ जादा हप्ता भरून रीतसर नोंदवता येते. ज्या बदलाची आरसीवर नोंदच नाही, तो पॉलिसीत कसा नोंदवणार? माणसे चांगली, काम नीटनेटके, पण कागदाविषयी इतकी बेफिकिरी असलेल्या ठिकाणी मी गॅसची टाकी बसवून घेणार नाही, हे मी त्याच दिवशी ठरवले.

किरकोळ बाबीही होत्या. ऑटो एलपीजीचा पंप माझ्या रोजच्या वाटेवर नाही; आठवड्यातून एकदा वाकडी वाट करून जावे लागले असते. डिझायरची डिकी टाकीने निम्मी व्यापली असती, आणि चतुर्थीला माटोळीचे सामान, नारळ आणि सासुरवाडीची माणसे एकाच फेरीत नेणाऱ्या माणसाला डिकीची किंमत कळते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात टाकीचे पट्टे, बोल्ट आणि तांब्याची नळी यांच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते, शिवाय ठरावीक मुदतीने टाकीची दाबचाचणी करून घ्यावी लागते, तो खर्च मी वर धरलेलाच नाही.

पर्यावरणासाठी हा बदल करावा, असे माझ्या ऑफिसातील एका सहकाऱ्याने सुचवले. एलपीजीत काजळी जवळपास नसते, हे खरे. मात्र कार्बन डायऑक्साइडचा हिशेब केला तर लिटरभर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो वायू निघतो आणि लिटरभर एलपीजीतून साधारण दीड किलोच्या थोडा वर. एक गाडी लिटरला २० किलोमीटर आणि दुसरी ११ जाते म्हटल्यावर किलोमीटरमागे दोन्ही आकडे १३५ ग्रॅमच्या आसपास येऊन थांबतात.

हे सारे मांडल्यावर मिस्त्रीने मला विचारले, मग इंजिनच मेलेली डिझेल गाडी असेल तर? हा प्रश्न रास्त आहे. इंजिन उघडावेच लागणार असेल तर लेथकामाचा जादा बोजा कमी वाटतो. तरीही किलोमीटरचा हिशेब तोच राहतो, आणि माझ्या आकड्यांनी गॅस लिटरला ५० रुपयांच्या खाली येऊन तिथेच टिकला, तरच डिझेलशी बरोबरी होते. त्यापेक्षा ती गाडी विकून, त्यात वर्कशॉपचे १,३५,००० रुपये घालून, जुनी पेट्रोल गाडी घ्यावी आणि मग याच मिस्त्रीकडून तिला मान्यताप्राप्त किट बसवून घ्यावे. त्या कामासाठी मी त्याचा पत्ता आजही आनंदाने देईन. आता गोव्यात सीएनजीही मिळू लागला आहे, त्याचीही तुलना त्या वेळी करून पाहावी.

मी स्वतः शेवटी साखळीतल्याच माझ्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेलो. नोझल तपासून घेतले, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि हवा आत घेणारा इनटेक यांत साचलेली काजळी साफ करून घेतली, एअर फिल्टर बदलला आणि टायरमधील हवा दर पंधरवड्याला बघायची शिस्त लावून घेतली. खर्च ९,४०० रुपये आला. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी लिटरला २१.३ किलोमीटर भरली, म्हणजे वर्षाला आठ हजारांच्या वर बचत. वर्कशॉपच्या दोन्ही कोटेशनांनी दाखवलेल्या स्वप्नांपेक्षा ती जास्त आहे. गाडीची नोंदणी २०२८ मध्ये संपेल, तेव्हा नूतनीकरणाचे ५,००० रुपये शुल्क भरायचे की गाडी मोडीत काढायची, ते तिची प्रकृती पाहून ठरवीन.

राहिला वर्कशॉपचा प्रश्न. कोटेशनसाठी मी २,००० रुपये आगाऊ दिले होते आणि काम न केल्यास ते परत मिळतील असे तोंडी ठरले होते. परत मागायला गेलो तेव्हा १,५०० रुपये मिळाले. उरलेल्या ५०० रुपयांची पावती मागितल्यावर मालकाने जराशा नाखुशीने ती फाडली आणि कामाच्या रकान्यात लिहिले, 'सल्ला'.